छातीचा फोटो तपकिरी का पडतो? – फिल्म 'धुण्या'चा इतिहास



काही दिवसांपूर्वी तलवाड्याहून एक मामा दवाखान्यात आले. तलवाडा म्हणजे आपल्या गेवराई तालुक्यातलं, त्वरिता देवीचं गाव. मामांचं वय साठीच्या पुढं, उभी हयात ऊसतोडीत गेलेली. तीन आठवड्यांपासून खोकला, अधूनमधून कणकण, जेवण कमी. तपासून झाल्यावर मी छातीचा फोटो काढायला सांगितला. तेव्हा मामांनी पिशवीतून एक जुनी फिल्म बाहेर काढली. कॅरीबॅगमध्ये गुंडाळून, वरून सुतळी बांधलेली.

"साहेब, ह्यो जुना फोटू हाय. तव्हा टीबीचा कोर्स केला व्हता. डागदर म्हणले व्हते, टाकू नका, पुढं कामाला येईल."

त्या डॉक्टरांचा सल्ला अगदी बरोबर होता आणि मामांनी तो पंचवीस-तीस वर्षं पाळला होता. मी फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावली. निळसर-काळी दिसायला हवी ती फिल्म कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती. बरगड्या अंधुक दिसत होत्या. फुप्फुसाचा वरचा भाग, म्हणजे मला नेमका हवा होता तो, तपकिरी डागाखाली गडप झाला होता.

नवीन फोटोत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक सावली होती. प्रश्न एवढाच होता की ही जुन्या टीबीची खूण आहे की नवीन आजार? जुना फोटो वाचता आला असता तर दोन्ही शेजारी लावून दोन मिनिटांत बरंचसं कळलं असतं. थुंकीची तपासणी मी तरीही केलीच असती, कारण दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ती करायचीच असते. पण सीटी स्कॅन बहुधा टळला असता. बीडच्या दोन चकरा, स्कॅनचा खर्च आणि 'कॅन्सर तर नसंल ना' या धास्तीत गेलेल्या घरच्यांच्या रात्री, हे सगळं वाचलं असतं. शेवटी सावली जुनीच निघाली. मामा आता बरे आहेत. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

जाताना मामांनी विचारलं, "साहेब, म्या तर लई जपला व्हता, मग खराब कसा झाला?"

त्यांना तेव्हा थोडक्यात सांगितलं. आज तुम्हाला सविस्तर सांगतो. मामांच्या जपण्यात काही चूक नव्हती. फिल्म खराब झाली ती त्या पहिल्या दिवशीच, डार्करूममध्ये, शेवटच्या वीस मिनिटांत. फक्त ते दिसायला काही वर्षं लागली.

फिल्मवर चित्र उमटतं कसं?

आधी थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, सोपं आहे.

फिल्म म्हणजे प्लास्टिकचा पातळ पत्रा. त्याच्यावर जिलेटिनचा लेप असतो आणि त्या जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षाराचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, बारीक बारीक कण असतात. प्रकाश किंवा क्ष-किरण पडले की या कणांत सूक्ष्म बदल होतो, पण डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणजे चित्र असतं, पण लपलेलं.

ते बाहेर काढायचं तर फिल्मला चार पायऱ्यांतून जावं लागतं.

पहिली पायरी डेव्हलपर. हे द्रावण प्रकाश लागलेल्या कणांचं शुद्ध चांदीत रूपांतर करतं. चांदीचे हे अतिसूक्ष्म कण काळे दिसतात. एक्स-रेमधला काळा रंग म्हणजे खरं तर चांदीच.

दुसरी पायरी पाण्यातून विसळणं, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबतं.

तिसरी पायरी फिक्सर. प्रकाश न लागलेले चांदीचे क्षार अजून फिल्मवर तसेच असतात. ते काढले नाहीत तर उजेडात आल्यावर हळूहळू तेही काळवंडणार. फिक्सरमधला 'हायपो', म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ते विरघळवून काढतो.

चौथी पायरी धुणं. जिलेटिन स्पंजसारखं असतं, त्यात हायपो मुरून बसतो. तो काढायला फिल्म वाहत्या पाण्यात साधारण २० ते ३० मिनिटं ठेवावी लागते. मग वाळवायची.

आता घोटाळा कुठं होतो ते बघा. तिसरी पायरी संपली की चित्र डोळ्यांना स्पष्ट दिसतं. फिल्म उजेडात नेली तरी चालते. बाहेर रुग्ण ताटकळत बसलेला असतो, गावची एसटी सुटायची वेळ झालेली असते, डॉक्टर ओली फिल्मच मागत असतात. अशा वेळी अर्धा तास पाण्यात कोण ठेवणार? बादलीत दोनदा बुचकळली आणि दिली हातात. त्या दिवशी ती फिल्म अगदी छान दिसते. पण आत राहिलेल्या हायपोमध्ये गंधक असतं. ते चांदीशी सावकाश संयोग पावतं आणि सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. त्याचा रंग पिवळट-तपकिरी. घरातली चांदीची भांडी आणि पैंजण काळे पडतात ना, तीच ही क्रिया. उष्णता आणि दमटपणा असला की ती आणखी वेगानं होते.

गंमत म्हणजे आपली भाषा हे कधीच विसरली नव्हती. आपण 'रोल धुवायला टाकला', 'फोटो धुवून आले' असंच म्हणायचो. सगळ्या कामाला नाव मिळालं ते शेवटच्या पायरीवरून, आणि घाईत पहिली गाळली जायची तीही तीच पायरी.

१८५५ सालची तक्रार

ही अडचण एक्स-रेपेक्षा जुनी आहे. फोटोग्राफीइतकीच जुनी म्हणा ना.

हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८१९ मध्येच नोंदवून ठेवलं होतं. त्याला तेव्हा फोटोग्राफी ठाऊकच नव्हती, कारण ती अजून जन्मायची होती. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, फ्रान्समध्ये दागेर आणि इंग्लंडमध्ये टॅलबॉट यांच्या पद्धती जगासमोर आल्या. तेव्हा चित्र कायमचं टिकवायचं कसं, या प्रश्नाला हर्शेलचा हायपो हेच उत्तर ठरलं.

लोकांनी हौसेनं फोटो काढले, अल्बममध्ये लावले. दहा-पंधरा वर्षांत त्यातले पुष्कळ पिवळे पडून विटायला लागले. ओरड एवढी वाढली की १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनं खास समिती नेमली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तिला ५० पौंडांची मदत दिली. समितीनं फोटो विटण्याची जी कारणं दिली, त्यात मुख्य होतं अपुरं धुतल्यामुळं कागदात राहिलेला हायपो.

म्हणजे मामांच्या फिल्मचं निदान दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं!

मुंबईचे डॉक्टर आणि कॅमेरा

हे सगळं दूर लंडनमध्ये चाललं होतं असं समजू नका. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, लंडनच्या सोसायटीनंतर दोन वर्षांच्या आतच. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत एक मराठी डॉक्टर होते, डॉ. भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीतले ते विद्यार्थी. वैद्यकाबरोबर त्यांनी प्राचीन शिलालेखांचा मोठा अभ्यास केला. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही डॉक्टर, आणि फोटोग्राफीत तर त्यांनी चांगलं नाव कमावलं.

डॉक्टर मंडळी या छंदाकडं का वळली असतील? एक तर त्यांना रसायनांची सवय होती. मोजून मापून द्रावण करणं, वेळ पाळणं, भांडी स्वच्छ ठेवणं हे रोजच्या कामातलंच. फोटोग्राफी त्या काळी बटण दाबण्याची कला नव्हती, औषध तयार करण्यासारखं ते काम होतं. एक माप चुकलं की काच वाया.

आपल्याकडं आणखी दोन अडचणी होत्या, ऊन आणि पाणी. उष्णतेनं जिलेटिन मऊ पडतं, लेप सुटायला लागतो. विहिरीचं पाणी जड असेल तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग पडतात. आणि उन्हाळ्यात धुवायला पाणीच नसतं.

दुष्काळाचे फोटो का टिकले?

पाण्याचा विषय निघाला आहे, म्हणून मराठवाड्याची एक आठवण सांगतो.

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे नामवंत फोटोग्राफर म्हणजे राजा दीनदयाळ. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात जे हाल झाले, त्यांचे फोटो त्यांच्या स्टुडिओनं काढले. हाडांचे सापळे झालेली माणसं, मदतकेंद्रावर बसलेली लेकरं. ते फोटो आजही बघता येतात. त्यांच्या स्टुडिओच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत.

जरा विचार करा. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळातल्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसतो, आणि तीस वर्षांपूर्वीच्या मामांचं फुप्फुस दिसत नाही. काच पुढं नीट सांभाळली गेली हे खरंच. पण मुळात फिक्सिंग आणि धुणं नीट झालेलं नसतं, तर सांभाळूनही उपयोग झाला नसता. मामांनी तरी काय कमी सांभाळलं होतं?

काचेवरून फिल्मवर

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत रॉन्टगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला, बोटातल्या अंगठीसकट. तो उमटला साध्या फोटोग्राफीच्या प्लेटवर. म्हणजे पहिल्या दिवसापासून एक्स-रे विभागाला डार्करूम चिकटली ती चिकटलीच. यंत्र कितीही भारी असो, चित्र अखेर कुणाच्या तरी हातानं अंधारात धुतलं जाणार होतं.

सुरुवातीला काचेच्या प्लेट होत्या. पहिल्या महायुद्धात बेल्जियमची काच मिळेनाशी झाली आणि फिल्मचा वापर वाढला. १९१८ मध्ये दोन्ही बाजूंनी लेप असलेली एक्स-रे फिल्म आली. पण त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे आणि नायट्रेट म्हणजे भयंकर ज्वालाग्राही. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयात तळघरात साठवलेल्या एक्स-रे फिल्म पेटल्या. त्यातून निघालेल्या विषारी वायूंनी १२३ माणसं दगावली. त्यानंतर रुग्णालयांत सहज पेट न घेणारी 'सेफ्टी फिल्म' रूढ झाली.

सिनेमाची फिल्मही बरीच वर्षं नायट्रेटचीच होती. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट रिळांना आग लागली आणि आपल्या सिनेमाचा मोठा ठेवा गेला.

सिनेमाचं नाव निघालं म्हणून आणखी एका व्यक्तीची आठवण काढायलाच हवी, ती म्हणजे सरस्वतीबाई फाळके. दादासाहेबांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला हे आपण शाळेत शिकतो. पण कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं, शूटिंग झालेली फिल्म रात्री घरीच डेव्हलप करणं, धुणं, हे काम सरस्वतीबाई करत होत्या. दिवसभर सगळ्या युनिटचा स्वयंपाक करून! चूक झाली असती तर दिवसभराचं चित्रीकरण पाण्यात गेलं असतं. अंधारात राबणारी अशी माणसं बहुधा कुणाला दिसत नाहीत. एक्स-रेच्या डार्करूममधला मदतनीसही असाच. त्याचं काम चांगलं झालं तर नाव डॉक्टरचं होतं.

आपल्याकडची डार्करूम

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडं एक्स-रेचा मोठा उपयोग झाला तो टीबीसाठी. १९५५ ते १९५८ या काळात देशभर टीबीची पाहणी झाली. त्यात छोट्या आकाराच्या फिल्मवर हजारो लोकांच्या छातीचे फोटो काढले गेले. टीबी हा शहरातला, गिरण्यांच्या वस्तीतला आजार आहे असा तोवर समज होता. खेड्यातही तो तेवढाच आहे, हे या पाहणीनं दाखवून दिलं.

१९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याची 'इंदू' फिल्म जुन्या डॉक्टरांना आठवत असेल. पुढं तालुक्याच्या गावीही छोटी एक्स-रे केंद्रं आली. एक खोली यंत्राची आणि तिला लागून एक कोंदट खोली. काळा पडदा, लाल दिवा, तीन टाक्या.

या टाक्यांपाशी काय काय बिघडायचं ते सांगतो. हे मी कुणा एकाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. अडचणी खऱ्या होत्या.

पहिली अडचण तापमानाची. हातानं डेव्हलप करताना द्रावण साधारण २० अंश सेल्सिअस हवं आणि वेळ घड्याळ लावून पाळायची. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये टाकीतलं द्रावण तिशीच्या वर जायचं. मग फिल्मवर धुरकटपणा यायचा, जिलेटिन मऊ पडायचं, बोट लागलं तरी ओरखडा.

दुसरी अडचण काटकसरीची. डेव्हलपर वापरून वापरून कमजोर होतो. तो बदलण्याऐवजी यंत्रावर किरणांची मात्रा वाढवली की फिल्म पुरेशी काळी होते. चित्र आलं, पैसे वाचले. पण जास्तीचे किरण गेले कुणाच्या अंगातून? रुग्णाच्या! फिल्म लाल दिव्याखाली नुसत्या नजरेनं बघून 'झाली' म्हणत लवकर बाहेर काढण्याच्या सवयीचाही परिणाम तोच.

तिसरी अडचण फिक्सरची. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरते, त्यामुळं तो विकत घेणारे असतात. तो संपेपर्यंत, नव्हे संपल्यावरही, वापरला जायचा. दमलेला फिक्सर क्षार पुरते काढू शकत नाही. अशी फिल्म कितीही धुतली तरी पुढं डागाळते.

आणि चौथी, सगळ्यात मोठी अडचण पाण्याची. १९७२ चा दुष्काळ आजही आपल्याकडं काळ मोजायला वापरतात. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या गावात प्यायला टँकर येतो, तिथं फिल्मसाठी अर्धा तास नळ सोडून ठेवा असं कुणाला सांगणार? मग एकाच टाकीतल्या पाण्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्या फिल्म. दुपारपर्यंत त्या पाण्यातच हायपो भरपूर झालेला असतो. त्यात फिल्म तासभर ठेवली तरी काय निघणार? मळक्या पाण्यात धोतर धुण्यातलाच प्रकार.

यावर उपाय होते का? होते. थोडं थोडं स्वच्छ पाणी घेऊन ते चार-पाच वेळा बदललं तर कमी पाण्यातही हायपो निघतो. शिवाय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लक्षात आलं की खाऱ्या पाण्यात हायपो साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटतो, शेवटी एकदा गोड्या पाण्यात विसळलं की झालं. त्यावरून हायपो लवकर काढणारी द्रावणंही बाजारात आली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये छोट्या रुग्णालयांसाठी डार्करूमचं सोपं, चित्रांसह पुस्तकच काढलं. ज्ञान उपलब्ध होतं. ते कोंदट खोलीतल्या त्या मदतनिसापर्यंत क्वचितच पोचलं. त्याला फिल्म उलटीपालटी कशी करायची हे शिकवलं गेलं, का धुवायची हे बहुधा कुणीच सांगितलं नाही.

खराब फिल्म डॉक्टरला कशी फसवते?

तपकिरी पडणं हे उशिराचं नुकसान. काही नुकसान त्याच दिवशी होतं आणि ते जास्त धोक्याचं.

समजा डेव्हलप करण्याआधीच फिल्मवर फिक्सरचा एक थेंब उडाला. तिथं पांढरा ठिपका पडतो. एक्स-रेमध्ये पांढरं म्हणजे घट्ट काहीतरी. छातीच्या फोटोत तो गाठीसारखा दिसू शकतो, पोटाच्या फोटोत मूतखड्यासारखा.

फिल्म हाताळताना नखानं दुमडली तर चंद्रकोरीसारखी खूण उमटते. कोरड्या हवेत फिल्म झटकन ओढली तर स्थिर विजेच्या ठिणगीनं झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा येतात. हाडावर अशी रेघ आली की फ्रॅक्चरची शंका.

फिल्म कमी डेव्हलप झाली तर फुप्फुसं पांढुरकी दिसतात, न्यूमोनिया वाटावा अशी. जास्त झाली तर काळीकुट्ट, आणि सुरुवातीचा बारीक आजार त्या काळ्यात बुडून जातो. पहिल्या चुकीत निरोग्याला औषध मिळतं, दुसऱ्या चुकीत आजाऱ्याला मिळत नाही.

फिल्म उत्तम असली तरी वाचणाऱ्यांत फरक पडतोच. १९४० च्या दशकात अमेरिकेत छातीचे तेच फोटो वेगवेगळ्या तज्ज्ञांना दाखवून बघितले, तर त्यांची मतं बऱ्याच ठिकाणी जुळली नाहीत. एवढंच काय, तोच तज्ज्ञ काही काळानं तोच फोटो वेगळा वाचायचा. म्हणूनच नुसत्या फोटोवर टीबीचं निदान करू नये, थुंकीत जंतू शोधावेत, हा आग्रह आपल्या टीबी कार्यक्रमानं धरला. सावली म्हणजे आजाराचा पुरावा नव्हे. खराब धुतलेल्या फिल्मवर तर ती सावलीसुद्धा खात्रीची नसते.

यंत्र आलं, संगणक आला

१९५६ मध्ये कोडॅकनं रुळांवरून फिल्म नेणारं स्वयंचलित यंत्र आणलं. एका टोकाला फिल्म घाला, साधारण सहा मिनिटांत दुसऱ्या टोकाला धुतलेली, वाळलेली बाहेर. १९६५ पर्यंत ही वेळ दीड मिनिटावर आली. मोठ्या रुग्णालयांत हाताचं काम संपलं. छोट्या गावांत मात्र टाक्या पुढं कितीतरी वर्षं चालू राहिल्या.

आता बहुतेक ठिकाणी डिजिटल एक्स-रे आहे. डार्करूम गेली, हायपो गेला. म्हणजे प्रश्न मिटला का? नाही. नुसता बदलला.

हल्ली मिळणारी डिजिटल एक्स-रेची फिल्म अनेकदा उष्णतेवर छापलेली असते. तिला पाणी लागत नाही, पण ती पुढंही उष्णतेला संवेदनशील राहते. पत्र्याखाली, गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवली तर काळवंडते. ईसीजी आणि सोनोग्राफीचे गुळगुळीत कागद तर काही वर्षांत, कधी काही महिन्यांतच, पुसट होतात. हृदयविकाराचा झटका आला तेव्हाचा ईसीजी म्हणून रुग्ण कोरा कागद दाखवतो, हे आम्ही डॉक्टर नेहमी बघतो.

तर मग तुम्ही काय करायचं?

आपल्याकडं एक्स-रे दवाखान्यात राहत नाही, तो रुग्णाच्या घरी जातो. म्हणजे तुमच्या तब्येतीचं दप्तर तुम्हीच सांभाळता. म्हणून एवढं करा:

१. घरातले जुने एक्स-रे आज बाहेर काढा. मोबाइलवर पांढरा कोरा पडदा लावा किंवा खिडकीतल्या उजेडासमोर फिल्म धरा आणि दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढा. नाव आणि तारीख दिसेल असा. हा फोटो मूळ फिल्मची जागा घेत नाही, पण फिल्म गेल्यावर काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा.

२. फिल्म पिवळी पडली म्हणून फेकू नका, भंगारवाल्याला देऊ नका. जोरदार उजेडात किंवा संगणकावर तिच्यातलं काही ना काही वाचता येतं. मात्र ती घरी पाण्यानं धुवायचा प्रयत्न करू नका, ओलं जिलेटिन सुटून येतं.

३. फिल्म दुमडू नका, सुरळी करू नका. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत दमटपणा साठतो. कागदी पाकिटात, उभी, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. चुलीजवळ, पत्र्याला लागून नको.

४. ईसीजी आणि सोनोग्राफीच्या कागदाची त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा मोबाइलमध्ये फोटो घ्या.

५. डिजिटल एक्स-रे असेल तर फिल्मबरोबर सीडी किंवा मूळ फाइल मागा. ती मागण्यात संकोच कसला?

६. रिपोर्टचा कागद फिल्मइतकाच जपा. मामांच्या फिल्मबरोबर चार ओळींचा रिपोर्ट असता तरी माझं काम झालं असतं.

७. पूर्वी टीबी झालेला असेल तर उपचाराचं कार्ड, तारखा आणि उपचार संपल्यानंतरचा एक फोटो कायम जवळ ठेवा. पुढं कोणत्याही डॉक्टरला तो आधी दाखवा.

आणि एक शंका दूर करतो. 'पुन्हा एक्स-रे काढला तर अपाय होईल का?' असं बरेच जण विचारतात. छातीच्या एका साध्या फोटोतून मिळणारे किरण फार थोडे असतात. निसर्गातून आपल्याला साधारण दहा-बारा दिवसांत तेवढे मिळतातच. गरज असेल तर बिनधास्त काढा. पण जुना फोटो वाचता येत नाही एवढ्यासाठी पुन्हा पुन्हा काढावा लागू नये, एवढीच इच्छा.

मामांचा नवीन फोटो मी त्यांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये टाकून दिला आणि रिपोर्टची एक प्रत त्यांच्या पाकिटात ठेवली. मामांनी जुनी तपकिरी फिल्मही परत मागितली. तीही त्याच पाकिटात घातली. पाकिटावर तारीख लिहून दिली आणि खाली लिहिलं: 'जुनी खूण. नवीन फोटोशी ताडून बघावी.'

तुमच्या घरीही अशी एखादी फिल्म कपाटावर पडलेली असेल. आजच काढून बघा.

काळजी घ्या.